फुले काढलेले कर्णे

पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने क्रूसाची खूण करून मी, फेलिस्मिना आउगुस्ता बार्रोसो, वय वर्षे एकाहत्तर, अविवाहित, पूर्वी वडिलांच्या सराफी दुकानात कामास, आता घरीच, राहणार फ्लोरेस रस्ता, पोर्तो, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. चष्मा लावला की डोळे चांगले आहेत. कानांनी मी बहिरी आहे, उजव्याने पुरती आणि डाव्याने बरीचशी. हे मी पहिल्याच परिच्छेदात लिहून ठेवते, म्हणजे माझ्या मागे कोणी ते शोधून काढल्याचा आव आणू नये.

मृत्युपत्र करण्याच्या आपल्याकडे दोन रीती आहेत. एक, नोटरीला घरी बोलावून त्याच्याकडून लिहून घ्यायचे आणि त्याने ते साक्षीदारांसमोर मोठ्याने वाचून दाखवायचे. दुसरी, आपण लिहायचे आणि नोटरीने ते न वाचता दोऱ्याने शिवून लाखेने बंद करायचे. मी दुसरी रीत निवडली आहे. पहिली आमच्या घरात एकदा वापरून झाली. तिचे काय झाले ते चौथ्या कलमात येईल.

मला मूलबाळ नाही, आईवडील केव्हाच गेले. माझ्या मालमत्तेत कायद्याने कोणाचाही हिस्सा राखलेला नाही. भावाचाही नाही. मी विचारून घेतले आहे.

पहिले. अंत्यविधी साधा करावा. गायक बोलावू नयेत. गेली काही वर्षे ते मला जिवंतपणीही ऐकू येत नव्हते. केस मागे घट्ट बांधून कान उघडे ठेवावेत. कानातले ऐकण्याचे चांदीचे कर्णे मात्र पेटी बंद करण्याआधी काढून घ्यावेत, धुवावेत आणि सहाव्या कलमाप्रमाणे वागावे.

दुसरे. माझी मोलकरीण झुल्मिरा हिला माझा पलंग, गादी, तांब्याची सगळी भांडी, काळी लोकरी शाल आणि कोंबड्या. ती माझ्याशी कधी पुटपुटली नाही. बाजारात एकदा एक कोळीण मला पाहून तिला म्हणाली, "तुझ्या बाईंनी कानात शिंपले का घातलेत गं? नदीत पडल्या होत्या काय?" झुल्मिराने ते जसेच्या तसे माझ्या कानाशी ओरडून सांगितले. मी म्हटले, "तिला सांग, तू सार्डिन ताजे म्हणून ओरडतेस ते खरं की खोटं ऐकायला घातलेत." तेही झुल्मिराने पोचवले. मासे ताजे नव्हते.

हे लिहायला बसले आहे हे तिला कळले तेव्हा ती दारात उभी राहून म्हणाली, "बाई, तुम्ही गेलात तर मी ओरडू कोणावर?" याची तजवीज मला करता आलेली नाही.

तिसरे. माझी हत्यारे अनिसेतो लोबाटो या कारागिराला द्यावीत. त्यात स्पिरिटचा छोटा दिवा, मेण कालवण्याच्या सुऱ्या, चिमटे आणि नळ्या साफ करायची हंसाची पिसे आहेत. पिसे नवी घ्यावीत, ही झिजली आहेत.

माझे काम काय होते ते इथे लिहिते, कारण आमच्या दुकानाच्या पाटीवर ते कधी लिहिले गेले नाही. समोरच्या दालनात वडील तारकामाचे दागिने विकत. मागच्या खोलीत, गल्लीच्या दाराने, जाळीचा पडदा तोंडावर घेऊन बायका येत. पुरुषाने परक्या बाईच्या कानाला हात लावायचा नाही, म्हणून ते काम माझ्याकडे. मी मेणात थोडी चरबी घालून, हातावर मऊ करून, कानाच्या वाटीत दाबून साचा घेई. उजवा कान आणि डावा कान कधी सारखे नसतात. त्या साच्यावरून अनिसेतो चांदीचा पातळ कर्णा घडवी, अक्रोडाएवढा, वळवून कानाच्या वाटीत बसणारा, त्याची नळी कानाच्या आत आणि तोंड पुढे. त्याने बहिरा माणूस ऐकू लागत नाही. थोडे कमी बहिरा होतो, एवढेच. मक्याच्या पावाचे कवच चावले की डोक्यात बैलगाडी चालते आणि वाऱ्यात शीळ वाजते. पण समोरचा माणूस समोर आहे इतके कळते.

ते लपवायचे कसे, ही वडिलांची करामत होती. कर्ण्याच्या तोंडावर ते सोन्याच्या तारेचे जाळीदार फूल बसवीत. आवाज जाळीतून आत जाई आणि लोकांना वाटे, बाईने भारी कर्णफुले घातली आहेत. वर अंबाड्याचे केस थोडे ओढून घेतले की झाले. या शहरातल्या पुष्कळ बऱ्या घरांतल्या पुष्कळ बायका अशी फुले घालून नाटकांना आणि चर्चमधल्या मिस्साला गेल्या.

त्यांच्या कानांचे साचे माझ्या कपाटात आहेत. त्यांवर नावे नाहीत, पण कान मी ओळखते. ते सगळे वितळवून मेणबत्त्या कराव्यात आणि कुठल्याही चर्चला द्याव्यात. का, तेही चौथ्या कलमात.

चौथे. माझे घर. घर म्हणजे अर्धे घर. जेवणघराच्या मधून एक भिंत जाते आणि ती माझी बहीण क्लोतिल्द हिच्या खिडकीवर संपते. खिडकीचे एक दार माझ्याकडे उघडते, दुसरे पलीकडच्या टोपीवाल्याकडे. टोपीवाला माझ्या भावाचा भाडेकरू. भिंत माझ्या भावाची, बेर्नार्दिनोची.

क्लोतिल्द माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. आम्ही दोघी नदीपलीकडच्या मठात शिकलो. तिथे आम्हाला फ्रेंच, भरतकाम आणि एक गोष्ट पक्की शिकवली गेली: चांगल्या घरच्या मुलीने "काय म्हणालात?" असे कधी विचारू नये. कळले नाही तर किंचित हसावे आणि मान हलवावी. क्लोतिल्दला तापानंतर ऐकू येईनासे झाले तेव्हा ती सतरा वर्षांची होती आणि हा धडा तिला पाठ होता. वडिलांनी पहिली जोडी तिच्यासाठीच घडवली. कामेलियाची फुले होती. ती जोडी तिने पुढे सदतीस वर्षे वापरली. नळ्या आम्ही तीनदा बदलल्या, कारण वयाबरोबर कानही पसरतो.

ती आजारी पडली त्या हिवाळ्यात बेर्नार्दिनोने नोटरीला आणले. आईकडून आलेले घर आम्हा दोघी बहिणींच्या नावावर होते, दुकान त्याच्या. क्लोतिल्दने मला अनेकदा सांगितले होते, "फेली, माझा अर्धा तुझ्याकडेच राहील, तू कुठे जाणार?" बेर्नार्दिनो नोटरीला म्हणाला, "ताईची इच्छा मला ठाऊक आहे, मी सांगतो, तुम्ही लिहा." मी त्या वेळी स्वयंपाकघरात होते. साक्षीदारांसाठी चहा करायला मला त्यानेच पाठवले होते.

कायदा असा आहे की मृत्युपत्र करणारा पुरता बहिरा असेल आणि त्याला वाचता येत असेल, तर नोटरीचे वाचणे पुरत नाही, त्याने स्वतः वाचले पाहिजे. क्लोतिल्दला उत्तम वाचता येई. पण ती बहिरी आहे हे सांगणार कोण? बेर्नार्दिनोची बायको तेव्हा पोटुशी होती आणि तिच्या माहेरच्यांना आमच्या घरातल्या बहिरेपणाचे काही सांगितलेले नव्हते.

आणि क्लोतिल्दच्या कानांत त्या वेळी कर्णे नव्हते. ती अंथरुणावर होती. केस मोकळे होते, अंबाडा बांधायची ताकद नव्हती. केस मोकळे असले की नळी दिसते. खोलीत सहा पुरुष येणार होते, म्हणून तिने कर्णे काढून उशीखाली ठेवले. नोटरी एकेक कलम वाचत गेला आणि ती एकेका कलमाला हसून मान हलवत गेली. मी चहा घेऊन आत गेले तेव्हा शेवटचे कलम चालले होते. तिने माझ्याकडे पाहूनही मान हलवली.

सगळे गेल्यावर तिने कर्णे घातले आणि विचारले, "नीट झालं ना सगळं? नोटरी फार मऊ बोलतो नाही?"

मी म्हटले, "काय लिहिलंय त्यात?"

ती म्हणाली, "आपलं ठरलंय तेच. दुसरं काय असणार?"

त्याच आठवड्यात ती गेली. कागद उघडला तेव्हा तिचा अर्धा बेर्नार्दिनोचा झाला होता.

मी दावा लावला. मला फक्त एवढेच सिद्ध करायचे होते की माझी बहीण बहिरी होती. ते सिद्ध झाले नाही. डॉक्टरला माझ्या वकिलाने विचारले, "त्यांना तुमचं बोलणं ऐकू यायचं?"

"हो. मी विचारायचो, कसं वाटतंय? त्या म्हणायच्या, बरं वाटतंय."

"आणि बरं वाटत नसताना?"

"तेव्हाही बरं वाटतंयच म्हणायच्या. फार सोशिक बाई."

मग पाववाली उभी राहिली. "दोन देऊ की तीन, असं विचारलं की मान हलवायच्या," ती म्हणाली.

"मग तू किती द्यायचीस?"

"तीन."

कोर्टात लोक हसले. आमच्या घरात पाव नेहमी का उरायचा ते मला त्या दिवशी कळले.

बेर्नार्दिनोने शपथेवर सांगितले की आमच्या दुकानात दागिने होतात आणि दुसरे काही होत नाही. मी क्लोतिल्दचे कर्णे न्यायाधीशांच्या टेबलावर ठेवले. त्यांनी ते उजेडात धरले, फुलांवरून बोट फिरवले आणि म्हणाले, "बाई, तुमच्या वडिलांच्या हाताची कीर्ती मी ऐकून होतो. फारच सुंदर कर्णफुलं आहेत."

मी म्हटले, "घालून पाहा."

त्यांनी ती परत दिली. निकालात लिहिले आहे की मयत स्त्रीच्या मालकीची दागिन्यांची एक जोडी हजर करण्यात आली आणि तिचा प्रस्तुत वादाशी संबंध दिसत नाही.

निकालाआधी मी माझ्या गिऱ्हाइकांपैकी तिघींच्या घरी गेले होते. नुसते येऊन सांगा, म्हणावे या वस्तूने ऐकू येते, एवढेच मागितले. एकीने मी ओळखीची नाही असे निरोपाने कळवले. दुसरीच्या नवऱ्याने मला जिन्यापर्यंत सोडले. तिसरीने आत बसवले, वाइन दिली, माझे सगळे बोलणे होईपर्यंत मान हलवली आणि मग विचारले, "यंदा कामेलिया लवकर फुलल्या, नाही?" तिला माझे बोलणे ऐकूच आले नव्हते, हे रस्त्यात आल्यावर माझ्या लक्षात आले. तिचे साचे मीच घेतले होते. म्हणून ते सगळे साचे वितळवावेत.

या गोष्टीला अठरा वर्षे झाली. पूर्वी हे सांगताना माझा आवाज चढे. आता मी ते टोप्यांच्या भट्टीच्या वासासारखे समजते. भिंतीतून येतो, खिडकी उघडली तरी जात नाही, आणि जेवण चालू राहते.

पाचवे. भाऊ बेर्नार्दिनो बार्रोसो याला: क्लोतिल्दच्या जोडीवरची सोन्याच्या तारेची दोन फुले. निकालाच्या दुसऱ्याच दिवशी मी ती अनिसेतोकडून कापून घेतली. न्यायालयाने त्यांना दागिने ठरवले आहे, तेव्हा ज्याने दागिने म्हणून सांगितले त्याच्याकडे ती जावीत. ती कागदाच्या पुडीत आहेत, वर त्याचे नाव आहे. फक्त फुले. त्यांच्यामागे काही नाही.

त्याला मी शिव्याशाप देत नाही. मठातल्या शिक्षणाचा तेवढा उपयोग झाला. आणखी एक. गेल्या नाताळात तो जेवायला आला होता. मी विचारले, "माशावर अजून तेल हवं का?" त्याने हसून मान हलवली. मी तेल ओतले. त्याने ताट मागे ओढले. तो अडुसष्ट वर्षांचा आहे. कपाटाच्या वरच्या कप्प्यात मेणाचा एक ताजा गोळा ओल्या फडक्यात ठेवला आहे. त्याने मागितला, तोंडाने मागितला, तर अनिसेतोने त्याचे साचे घ्यावेत. मागितला नाही तर तोही मेणबत्त्यांत घालावा.

सहावे. माझी भाची अदोझिंदा, बेर्नार्दिनोची मुलगी, हिला: हे अर्धे घर, त्यातले सगळे सामान, बँकेतली शिल्लक, आणि कर्ण्यांच्या दोन जोड्या, एक माझी आणि एक तिच्यासाठी केलेली. हे सर्व तिच्या एकटीच्या नावावर राहील. तिचा नवरा, झाला तर, याचा मालक नाही, कारभारी नाही आणि सल्लागारही नाही.

ही पोर सगळे हसून झाल्यावर क्षणभराने हसते. मी ते दोन वर्षांपूर्वी पाहिले. तिच्या आईला वाटते ती अबोल आहे, वडिलांना वाटते ती शहाणी आहे. ब्रागाच्या एका लाकडाच्या व्यापाऱ्याशी तिचे ठरत आहे. ईस्टरनंतर बेर्नार्दिनोच्या घरी लग्नाचा करार नोटरी वाचून दाखवणार आहे. तिथेही माणसे जमतील, नोटरीही मऊ बोलेल.

मी तिला बोलावून घेतले. तिने कान धुऊन खुर्चीत बसायचे आणि मी मेण मळायचे, बोलायचे नाही, असे आमचे ठरले होते. साचे निघाल्यावर ती म्हणाली, "आत्या, बाबांना सांगू नका हं."

"काय सांगू नको?"

"मी आले होते ते."

"मी कशाला सांगू? तुझ्या केसांना मेणाचा वास येतोय, तो सांगेल."

ती हसली, या वेळी वेळेवर. मग विचारले, "वर फुलं लावाल ना? क्लोतिल्द आत्याच्या जोडीला होती तशी?"

"नाही."

"मग दिसतील ना ते."

"दिसू देत."

ती आरशात बघत होती. मी तिच्या पाठीमागे जाऊन, हत्यारे पुसत, आवाज न चढवता म्हटले, "पुढच्या गुरुवारी ये, तयार होतील." तिने मान हलवली.

मी समोर गेले. "काय म्हटलं मी?"

तिचे कान लाल झाले. साचा काढल्यावर तसेही होतात. "ऐकू नाही आलं," ती म्हणाली.

"मग तसं म्हणायचं."

"लोक चिडतात, आत्या."

"चिडतात आणि पुन्हा सांगतात. मी रोज चिडवते. कोणी मेलं नाही."

पुढच्या गुरुवारी ती आली नाही. त्यानंतरही आली नाही. तिची जोडी टेबलाच्या खणात आहे, साध्या चांदीची, फुलांशिवाय, रंगाशिवाय. मी घरी जाऊन दिली असती, पण ती बेर्नार्दिनोच्या समोर घ्यावी लागली असती आणि तिने नाही म्हटले असते. जी वस्तू उशीखाली ठेवायची ती मी कोणाला देत नाही. अमेरिकेत आता विजेची पेटी निघाली आहे म्हणतात, गळ्यात अडकवायची. ती निघो. तीही कोणीतरी शालीखाली लपवीलच.

सातवे. हे मृत्युपत्र माझ्या मागे उघडले जाईल आणि मोठ्याने वाचले जाईल. ते कसे वाचावे हे मी ठरवते.

अदोझिंदाने नोटरीच्या समोरच्या खुर्चीत बसावे. तिची जोडी तिच्यापुढे टेबलावर ठेवावी. ती घालावी की नाही हे तिने ठरवावे. सहावे कलम वाचताना नोटरीने त्याच्या नेहमीच्या आवाजात वाचावे, मुद्दाम चढवू नये. वाचून झाल्यावर "कळलं का?" असे विचारावे.

तिने मान हलवली तर तो होकार धरू नये. कलम पुन्हा वाचावे. पुन्हा हलवली तर पुन्हा वाचावे. तिच्या वतीने कोणी, विशेषतः बेर्नार्दिनोने, "तिला कळलंय" असे सांगू नये, आणि सांगितले तर नोटरीने ते ऐकू आले नाही असे समजावे. किती वेळा वाचावे याला मी मर्यादा घालत नाही. जेवणाची वेळ झाली तर झुल्मिरा कोबीचे सार वाढील, मग पुन्हा बसावे. दुसऱ्या दिवशीही बसावे.

तिने "मला ऐकू आलं नाही, पुन्हा वाचा" असे तोंडाने म्हटले, तर पुन्हा वाचावे, आणि तिने स्वतः कागद हातात घेऊन वाचावा. मग सही घ्यावी.

ती हे बोलली नाही म्हणून घर दुसऱ्या कोणाला जाईल, असे मी कुठेही लिहिलेले नाही. दुसरे नाव यात घातलेले नाही. घर तिचेच आहे. ते तिला ऐकू येईपर्यंत थांबेल.

हे मृत्युपत्र मी, फेलिस्मिना आउगुस्ता बार्रोसो हिने, कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे, स्वतःच्या टेबलाशी बसून लिहिले. खाडाखोड नाही. शाईचा एक डाग दुसऱ्या पानावर आहे, तो कोंबडीचा.

पोर्तो, २१ फेब्रुवारी १९०७.

फेलिस्मिना आउगुस्ता बार्रोसो

मंजुरीचा लेख

वरील दिवशी, माझ्या कचेरीत, पुढे नावे दिलेल्या पाच साक्षीदारांसमक्ष, दोना फेलिस्मिना आउगुस्ता बार्रोसो यांनी प्रस्तुत कागद माझ्या हाती दिला. मी तो वाचलेला नाही. फक्त शेवटची सही व पानांची संख्या पाहिली. त्यांच्या दोन्ही कानांत चांदीची उपकरणे होती व ती सर्व साक्षीदारांना दिसत होती.

"हेच तुमचं मृत्युपत्र आहे काय, आणि ते तुमच्या इच्छेनं लिहिलंय काय?" असे मी विचारले असता त्यांनी, "ऐकू आलं नाही. पुन्हा विचारा," असे सांगितले. मी पुन्हा विचारले. त्यांनी, "अजून नाही. खिडकीखालून गाडी गेली. पुन्हा विचारा," असे सांगितले. तिसऱ्यांदा विचारल्यावर त्यांनी, "हो, हेच, आणि माझ्याच इच्छेनं," असे मोठ्याने उत्तर दिले. त्यांनी मान हलवली नाही, हे लेखात नमूद करावे असा त्यांचा आग्रह पडल्यावरून येथे नमूद केले आहे.

मग कागद पांढऱ्या दोऱ्याने पाच टाके घालून शिवला, टोकांवर लाल लाख लावून माझी मोहोर उठवली आणि त्यांच्या हाती परत दिला.

साक्षीदार: अनिसेतो लोबाटो, सुवर्णकार. एव्हारिस्तो पिन्येइरो, बूट शिवणारा. गास्पार दे मेनेझेस, औषधविक्रेता. लादिस्लाउ कोर्तेस, निवृत्त पोस्ट-कर्मचारी. फिदेलिस माटोझो, टोप्या करणारा, भाडेकरू.

सही: जेर्वासिओ सारमेन्तो, नोटरी, पोर्तो